मांजराच्या पिंजऱ्यात उदमांजर अडकलंय, वास न येता कसं सोडायचं? (वडोदरा)

दांडियाबाजार_वाडा

मंडळी, जरा तातडीचं आहे. आमचा जुना दुमजली कौलारू वाडा. माळ्यावर बरेच दिवस रात्री धावपळ चालायची. बोका असेल म्हणून मांजरं धरायचा पिंजरा भाड्याने आणला, आत सुका बोंबील लावून अगाशीवर ठेवला. आज पहाटे बघतो तर आत उदमांजर. तोंडावर काळा पट्टा, डोळ्यांखाली पांढरे डाग, शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब आणि तिच्यावर कड्यांसारखे पट्टे नाहीत.

जवळ गेलं की फिस्कारतं, तारेवर झेप घेतं. एकदा तर शेपटीखालून असा उग्र वास सोडला की घरभर दरवळतोय. दहा वाजले की अगाशीवर ऊन येईल, त्याआधी पिंजरा हलवायला हवा.

१) अंगावर काही न उडवून घेता पिंजरा कसा उचलायचा?
२) गाडीत घालून जांबुघोड्याच्या जंगलात सोडलं तर चालेल का?
३) वास कशाने जाईल?
४) पुन्हा येऊ नये म्हणून काय करायचं?

पिंपळपार

आधी पहिल्या प्रश्नाचं सांगतो, कारण ऊन थांबणार नाही.

एक जुनी सुती चादर किंवा सोलापुरी घ्या. दोन्ही हातांनी छातीसमोर पडद्यासारखी धरा, म्हणजे त्याला तुम्ही दिसणार नाही आणि उडालंच तर चादरीवर उडेल. शेपटीच्या बाजूने जाऊ नका. हळू चाला, मध्ये थांबा. गुरगुर वाढली तर आहात तिथेच उभे राहा, ती ओसरली की पुढचं पाऊल टाका. पिंजऱ्यापाशी पोचल्यावर चादर फेकायची नाही, आधी वरून टेकवायची आणि मग बाजूंनी खाली सोडायची. खाली चार बोटं फट मोकळी ठेवा, हवा तिथूनच जाते. अंधार झाला की बहुतेक वेळा ते पाच-दहा मिनिटांत शांत बसतं. प्लॅस्टिकची ताडपत्री किंवा रेनकोट मुळीच नको, आत वाफ कोंडते आणि वडोदऱ्याच्या उन्हात जनावर तासाभरात दगावू शकतं.

उचलण्याआधी दाराची कडी तपासा. या पिंजऱ्यांत दार पडलं की त्यावर एक सळई किंवा रिंग घसरते आणि दार अडकवते. पिंजरा तिरका झाला तर तीच सळई मागे सरकते आणि जिन्यात दार उघडतं. म्हणून चादरीच्या वरूनच दाराच्या दोन्ही कोपऱ्यांना बाइंडिंग तार पिळून घ्या. मग मुठीतून दांडा घाला आणि दोघांनी दोन टोकं धरून पिंजरा आडवा, सपाट ठेवून खाली आणा. बोटं जाळीला लागता कामा नयेत. वेल्डिंगचे जाड चामडी हातमोजे असतील तर घाला, पण त्यांच्या भरवशावर जाळीत हात घालू नका, त्याचे सुळे चामड्यातूनही जातात.

खाली मागच्या अंगणात, दिवसभर सावली राहील अशा जागी दोन विटांवर ठेवा. खाली वर्तमानपत्र आणि वर भुसा पसरा म्हणजे लघवी झिरपून जाईल. कुत्री आणि मुलं लांब. मोबाइलचे फ्लॅश बंद.

पाण्यासाठी दार उघडू नका, सगळ्यात जास्त जनावरं इथेच निसटतात. पिकलेल्या पपईची किंवा केळ्याची फोड बांबूच्या काडीला टोचून जाळीतून आत सरकवा, पाणी त्यातूनच मिळतं. दूध देऊ नका, जुलाब होतात. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर चादरीची एकच बाजू ओली करा, वारा येईल ती.

आणि लगेच वनखात्याला फोन करा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारीच्याच व्याख्येत बसतं. तुम्ही बोक्यासाठी लावला हे खरं, पण आत जंगली जनावर आहे हे कळल्यापासून खात्याला कळवणं हीच तुमची बाजू. जनावर जखमी असेल तर १९६२ या नंबरवर प्राण्यांसाठीची करुणा ॲम्ब्युलन्सही मिळते.

तांदळजा_रोड

जांबुघोड्याला सोडणंच बरं. तिथे झाडी भरपूर, परत यायचं नाही. माळ्यावर डांबरगोळ्या आणि फिनाइल टाका, वासाने दुसरंही येणार नाही.

पिंपळपार

तांदळजा, दोन्ही गोष्टी करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

उदमांजर आपल्या पट्ट्यातच फिरतं. कुठल्या वाड्यात चिकू पिकलेत, कुठल्या झाडावरून कुठल्या छपरावर उतरायचं, दिवसा कुठे दडायचं हे सगळं त्याला ठाऊक असतं. अनोळखी जंगलात सोडलं की यातलं काहीच हाताशी नसतं, आणि तिथे आधीपासून राहणारी उदमांजरं त्याला हुसकावतात. शिवाय परवानगीशिवाय वन्यजीव गाडीतून नेणं हा वेगळा गुन्हा. इकडे वाड्यातलं भोक तसंच राहतं, रिकाम्या माळ्यावर दुसरं येऊन बसतं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे पिल्लं. यांना वर्षभर केव्हाही पिल्लं होतात, एका वेळी दोन ते पाच. मादीला लांब सोडलं तर माळ्यावर पिल्लं उपाशी मरतात आणि मग जो वास सुटतो तो महिनाभर जात नाही. चादरीची कड वर करून, लांबूनच टॉर्चच्या मंद उजेडात पोटाकडे बघा. सडांभोवतीचे केस झडलेले आणि सड लांबट दिसले तर पिल्लं आहेत असंच धरून चाला.

डांबरगोळ्यांची वाफ खालच्या खोल्यांत उतरते. लहान मुलांना, विशेषतः जी६पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांना, तिने रक्तपेशी फुटण्याचा त्रास होतो. उदमांजर मात्र दोन दिवसांत त्या गोळ्यांशेजारी झोपायला लागतं.

दांडियाबाजार_वाडा

चादर टाकून खाली आणलं, आता शांत आहे. वनखात्याचे लोक म्हणाले जखम नसेल तर संध्याकाळी आवारातच सोडा, आम्ही येतो. सड दिसले नाहीत. नाकाच्या शेंड्यावर सालपट निघालंय, थोडं रक्त आहे. हे कितपत गंभीर?

सयाजीबाग_पशुवैद्य

तारेवर नाक घासून सालपट निघणं नेहमीचं आहे, ते आपोआप भरतं. मलम लावायला जाऊ नका. बघायचं ते तोंडात. फिस्कारताना चारही सुळे दिसतात का बघा. सुळा मुळाशी तुटला असेल, लाळेबरोबर सतत रक्त येत असेल, जबडा वाकडा मिटत असेल किंवा एखाद्या पंज्यावर भार टाकत नसेल तर सोडू नये, वनखात्यामार्फत डॉक्टरकडे जाऊ द्या. सुळा तुटलेलं जनावर फळं खाऊन काही दिवस काढतं, पण मुळाशी पू होतो.

दिवसाढवळ्या अंगावर धावून येणं, मागचे पाय लुळे पडणं, तोंडातून लाळ गळत राहणं ही लक्षणं वेगळी, ती रेबीजची असू शकतात. त्यात कोणीही जवळ जायचं नाही.

माणसाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायची, मग पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक. हळद, चुना, तिखट काही नाही. रक्त न येता नुसता ओरखडा असेल तरी रेबीजची लस घ्यावीच लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). दंडात देतात त्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४, २८. पहिला डोस त्याच दिवशी, ‘उद्या बघू’ नाही.

पिंपळपार

सोडण्याचं सांगतो. सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झाला की सोडा. दिवसा सोडलं तर कावळे मागे लागतात, ते बिथरून रस्त्यावर उतरतं आणि गल्लीतली कुत्री धरतात.

पिंजरा जमिनीवर, दार त्याच्या येण्या-जाण्याच्या झाडाकडे, बुंध्यापासून हातभर अंतरावर. आसोपालव (खोटा अशोक) किंवा जांभूळ असेल तर उत्तम, ते सरळ वर चढेल. गल्लीकडचं फाटक बंद, अंगणातले दिवे बंद. चादर पूर्ण काढायची नाही, दाराची बाजू तेवढी दुमडायची. तारा सोडवा, दाराला चार-पाच मीटर नायलॉनची दोरी बांधा, ती वरच्या मुठीवरून मागे घ्या आणि पिंजऱ्याच्या मागे उभं राहून ओढा.

इथे एक धोका आहे. स्प्रिंगचं दार दोरी निसटली की जोरात परत बसतं, नेमकं जनावर अर्धं बाहेर असताना. कंबर किंवा शेपूट सापडते. म्हणून दोरी ओढून नुसती हातात धरून ठेवू नका, ताण देऊन खुंटीला किंवा खांबाला बांधा. आणि आधी रिकाम्या पिंजऱ्यावर रंगीत तालीम शक्य नसल्याने, गाठ पक्की आहे ना हे दार बंद असतानाच हिसका देऊन बघा.

उघडल्यावर ते लगेच निघेलच असं नाही. काठीने ढोसायचं नाही, पिंजरा उपडा करायचा नाही. सगळे घरात जा. पाच मिनिटं लागतील किंवा तासभर.

रसायन_राओपुरा

वासाबद्दल. इंटरनेटवर जे नुस्खे फिरतात ते बहुतेक अमेरिकेतल्या स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचे आहेत. स्कंक नेम धरून तीनेक मीटरपर्यंत पिचकारी मारतो आणि त्यात थायॉल जातीची गंधकयुक्त रसायनं असतात. त्यावर टोमॅटोच्या रसाचा उपयोग होत नाही, नाकच त्या वासाला सरावतं एवढंच. पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाचं १९९३ साली छापून आलेलं मिश्रण मात्र खरंच काम करतं: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण एक लिटर, पाव कप खाण्याचा सोडा, चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण. थायॉलचं ऑक्सिडेशन होऊन वास नसलेली संयुगं बनतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालावं. मिश्रण करून लगेच वापरायचं. बाटलीत भरून झाकण लावलं तर ऑक्सिजन साठून बाटली फुटते. डोळ्यांत जाऊ देऊ नये, रंगीत कापड विटतं.

तुमच्याकडचा वास ग्रंथींच्या तेलकट स्रावाचा आणि लघवीचा. त्याला एवढा खटाटोप नको. अगाशीच्या फरशीवर आधी लाकडाचा भुसा किंवा राख टाकून ओल शोषून घ्या आणि भरून बाहेर टाका. थेट पाणी ओतलं की तेल पसरून फरशीच्या सांध्यांत जातं. मग ५ लिटर कडकडीत पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा लिक्विड साबण, ब्रशने घासा, पंधरा मिनिटं राहू द्या, धुवा. चादर त्याच पाण्यात तासभर भिजवून कडक उन्हात. लोकर आणि रेशीम या सोड्यात घालू नका. हातमोजे घाला. पिंजरा परत देण्याआधी पायाने दाबायची पट्टी असते तिच्या खालची बाजूही घासा, वास तिथेच राहतो.

लघवी पडलेल्या जागी ब्लीचिंग पावडर टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी क्लोरीनची क्रिया होऊन छातीला झोंबणारा वायू निघतो, आणि बंद माळ्यावर तो कोंडतो.

कौलांचे_काम

चौथा प्रश्न राहिलाच. आधी वाट शोधा, मग बंद करा.

माळ्यावर, भिंतीच्या कडेने आणि वाशांखाली रांगोळीचा पातळ थर चाळणीने पसरा. सकाळी ठसे बघा. मांजराच्या पंज्याची चार बोटं उमटतात, उदमांजराची पाच. ठशांची रांग जिथून सुरू होते तिथे वर बघा. कौल सरकलेलं असेल किंवा भिंत आणि वासा यांमध्ये फट असेल. कडा तेलकट, काळपट झालेल्या असतात आणि तिथे राखाडी राठ केस अडकलेले सापडतात. अगाशीच्या कठड्यावर चिकूच्या, जांभळाच्या बिया असलेली विष्ठा दिसली तर वरची वाट तीच.

फटीत वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबा. तीन रात्री तो जागचा हलला नाही तर आत कोणी नाही, दिवसा बंद करायला हरकत नाही. बोळा बाहेर ढकलला गेला तर आत आणखी कोणी आहे. मग तिथे वरून बिजागरीवर लोंबणारी, फक्त बाहेर उघडणारी जाळीची झडप लावा. पिल्लांचं चिरकणं ऐकू येत असेल तर झडपसुद्धा नको. माळ्यावर रात्रंदिवस दिवा आणि हळू आवाजात रेडिओ ठेवा, बहुतेक वेळा मादी स्वतः एकेक पिल्लू मानेला धरून हलवते.

बंद करायला अर्ध्या इंचाची वेल्डेड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी घ्या. कोंबडीची षटकोनी जाळी नको, ती दातांनी उलगडते. फटीपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच जास्त कापून वाशाला वॉशरसकट स्क्रू मारा, भिंतीत एकास तीन सिमेंटने कडा पुरा. थर्माकोल, फोम, एम-सील यांवर पैसे घालवू नका. झाडाच्या फांद्या छपरापासून दोन मीटर मागे छाटा आणि केबलवाल्याच्या जुन्या लोंबत्या तारा उतरवा, उदमांजर त्यांच्यावरून सहज चालत येतं.

जुन्या वाड्याच्या भिंती चुन्याच्या असतात, सिमेंटची कड पहिल्या पावसानंतर तिथून सुटते. जून-जुलैत एकदा शिडी लावून जाळी हाताने ओढून बघा.