बिडी सोडल्यापासून शुगर खाली-वर होतेय, इन्सुलिन कमी करायचं का वाढवायचं?

गोदाकाठची_लेक (परभणी)
वडील, वय 58, टाइप 2 शुगर. रोज एक कट्टा बिडी होती, ती पूर्ण बंद करून आज 12 वा दिवस. सकाळी 8 ला 30/70 इन्सुलिन (30 टक्के लवकर, 70 टक्के हळू काम करणारं) 20 युनिट, संध्याकाळी 12, शिवाय मेटफॉर्मिन 500 ही शुगरची गोळी दोन वेळा. उपाशीपोटी आधी 140-150 यायची, आता 165-175. आणि परवा रानात दुपारी साडेबाराला 62! गल्लीतले म्हणतात, एकदम सोडल्यानं झालं, एक-दोन ओढू द्या. काय करावं?

काळी_माती (लातूर)
ताई, एक-दोनसुद्धा नको.

आधी 62 चं बघा, खरा धोका तिथं आहे. निकोटिननं कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून टोचलेलं इन्सुलिन हळू शोषलं जातं. शिवाय निकोटिननं ॲड्रेनलिन वाढतं आणि ते इन्सुलिनच्या आडवं येतं. बिडी सुटली की तेच 20 युनिट जास्त लागू पडायला लागतं. त्यात 30/70 मधला 70 चा भाग टोचल्यावर चारेक तासांनी जोर धरतो, म्हणजे बरोबर दुपारी बाराच्या सुमारास. तेव्हा हातात खुरपं आणि जेवण दोनला, मग शुगर उतरणारच. 11 ला अर्धी भाकरी-वरण किंवा मूठभर फुटाणे द्या, जेवण एकच्या आत. इंजेक्शन मांडीत घेत असतील तर पोटावर घ्या. रानातल्या चालण्यानं मांडीतलं लवकर शोषलं जातं. आणि हा आकडा डॉक्टरांना आजच कळवा. अशा वेळी त्या वेळचा डोस सहसा 10 ते 20 टक्के उतरवतात, इथं 2 ते 4 युनिट.

उपाशीपोटीची वाढली म्हणून संध्याकाळचा डोस मनानं वाढवू नका. दोन रात्री पहाटे 3 ला तपासा. तेव्हा 70 च्या खाली असेल तर वाढवणं घातक ठरेल.

चुलीवरचा_चहा (बीड)
चहा मोजला का? बिडी सुटली की चहाचे कप वाढतात. दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे 10 ग्रॅम साखर. चार कप वाढले की 40 ग्रॅम. दुसरं म्हणजे बिडीच्या धुरामुळे लिव्हर चहातलं कॅफिन झपाट्यानं निकाली काढतं. धूर थांबला की तोच चहा जास्त चढतो, छातीत धडधड होते, झोप उडते. झोप कमी झाली की सकाळची शुगर वाढते. बिनसाखरेचे दोन कप, तेही दुपारी चारच्या आत.

तलफ आणि शुगर उतरणं यांत गल्लत होते. चिडचिड, भूक, अस्वस्थपणा दोन्हीकडे असतो. दरदरून घाम आणि हाताला कापरं आलं तर आधी शुगर समजा आणि ग्लुकोमीटर लावा. बोट धुऊन, पुसून. गुळाचं बोट असेल तर आकडा खोटा वाढीव येतो. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत तपासा. बिस्किट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता 108.

गोदाकाठची_लेक
पहाटे 3 चं आजपासून बघते. अजून एक, आता ते दाढेत चुना-तंबाखू धरायला लागलेत. बिडीपेक्षा बरं ना?

काळी_माती
नाही ताई. धूर गेला, निकोटिन तेच राहिलं. शिवाय तोंडाचा कॅन्सर आणि हिरड्या खराब होणं आहेच. हिरड्या सुजल्या की शुगरही आटोक्यात राहत नाही.

तलफ आवरत नसेल तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचं शुगर-फ्री च्युइंगम. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली बिडी लागायची तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2. हे सतत चघळायचं नसतं. झिणझिणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झिणझिण गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. आधी 15 मिनिटं चहा नको, नाहीतर निकोटिन तोंडात शोषलंच जात नाही. 1800-112-356 या सरकारी तंबाखूमुक्ती नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत.

हिशोबी (नांदेड)
HbA1c (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) थोडं वाढलं तर घाबरू नका. ब्रिटनमधल्या दहा हजारांहून जास्त टाइप 2 रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 2015 मध्ये आला. सोडल्यावर पहिल्या वर्षात HbA1c मध्ये सरासरी 0.21 टक्के वाढ, तीन वर्षांत ओढत राहिलेल्यांच्या बरोबरीला. वजन पहिल्या वर्षात सरासरी 4-5 किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून दर रविवारी वजन लिहा, आणि रानात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उन्हात ठेवू नका, आकडे चुकतात.