मदत हवी आहे: शून्यांची फ्रेम पास होते, खरा डेटा नापास

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या छोट्या उपग्रहासाठी एक्स बँडचा (८ ते १२ गिगाहर्ट्झ) मॉड्युलेटर, म्हणजे डेटा रेडिओ लहरीवर चढवणारा भाग, एफपीजीएवर (हवं तसं सर्किट घडवता येणाऱ्या चिपवर) बांधतो आहे. क्यूपीएसके (लहरीच्या चार अवस्थांतून एका वेळी दोन बिट पाठवण्याची पद्धत), सेकंदाला ५० मेगाबिट. कोडिंग सीसीएसडीएसचं (अवकाश संस्थांच्या डेटा मानकांचं): चुका दुरुस्त करणारा रीड-सॉलोमन कोड (२५५, २२३), इंटरलीव्हिंग ५, म्हणजे बाइट आळीपाळीने पाच एन्कोडरांत वाटलेले. म्हणजे एका फ्रेममध्ये (डेटाच्या एका गठ्ठ्यात) १११५ बाइट डेटा, १६० बाइट पॅरिटी (दुरुस्तीसाठीचे जादा बाइट) आणि सुरुवातीला फ्रेम ओळखण्यासाठी ४ बाइटांचा सिंक मार्कर, १ए सीएफ एफसी १डी.

सध्या अँटेना नाही. मधे अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) टाकून केबल थेट ग्राउंड स्टेशनच्या डिमॉड्युलेटरला लावली आहे. कॉन्स्टेलेशनचे (क्यूपीएसकेच्या चार अवस्थांच्या आलेखाचे) चारही ठिपके स्वच्छ आहेत, मार्कर दर १२७९ बाइटांनी अचूक सापडतो. तरीही रीड-सॉलोमन डिकोडर एकूण एक फ्रेम नाकारतो.

गंमत म्हणजे डेटाचे सगळे १११५ बाइट शून्य ठेवले, की सगळ्या फ्रेम पास! तेव्हा मार्करमागोमाग एफएफ ४८ ०ई सी० ९ए दिसतात, म्हणजे रँडमायझर (डेटात ठरलेला यादृच्छिक क्रम मिसळणारा भाग) ठीक आहे. काउंटरचा डेटा (एकेक वाढत जाणारे आकडे) भरला की पुन्हा सगळं नापास. पाचही एन्कोडरांना बाइट वाटण्याचा क्रम तीनदा तपासला. कोडच्या गणिताची मापं, म्हणजे फील्ड पॉलिनोमिअल, ११२ पासून सुरू होणारी मुळं, ११ ची पायरी, सगळं जागच्या जागी आहे. आणि मीच पायथनमध्ये लिहिलेला डिकोडर हाच डेटा बिनतक्रार सोडवतो.

उपग्रह एका फेरीत डोक्यावर असतो जेमतेम दहा मिनिटं. त्यात एकही फ्रेम वाया घालवायची नाही. कुठे बघू?

प्रतिसाद १

एन्कोडर नेहमीच्या बेसिसमध्ये (बाइटचे बिट कोडच्या गणितात वाचण्याच्या पद्धतीत) लिहिलाय का? सीसीएसडीएसला बर्लेकँप या गणितज्ञाचा डुअल बेसिस लागतो, त्यात तेच बिट वेगळ्या रीतीने वाचतात. शून्य दोन्हींत शून्यच, म्हणून ती चाचणी पास होते. पायथनचा डिकोडर तुम्ही त्याच समजुतीने लिहिलात, तो हो म्हणणारच. डुअलमधून नेहमीच्या बेसिसमध्ये नेणारं २५६ नोंदींचं टेबल करा. एन्कोडरमध्ये जाणारा बाइट त्यातून न्या, बाहेर येणारी पॅरिटी उलट्या टेबलातून काढा. प्रत्यक्ष पाठवायचे डेटा बाइट मात्र मूळचेच ठेवा, घाईत तेही बदलले जातात.

धागाकर्ता

तेच होतं! टेबल घातलं, काउंटरचा डेटा रात्रभर चालवला, एकही फ्रेम नापास नाही. दोन आठवडे इंटरलीव्हरमध्येच शोधत होतो. मनापासून आभार. आता पायथनचा डिकोडर दुरुस्त करायला घेतो.