मदत हवी आहे: लासेन टेस्टमध्ये नायट्रोजन येतच नाही

टीपकागद: नमुना सोडियमबरोबर तापवून (फ्यूजन) पाण्यात काढलेल्या अर्कात नायट्रोजन, क्लोरीन शोधतोय. तीनदा फ्यूजन केलं, नायट्रोजनचा निळा रंग नाहीच. सिल्व्हर नायट्रेटने मात्र पांढराशुभ्र प्रेसिपिटेट (साका) येतो, अमोनियात विरघळतो, म्हणजे क्लोरीन. सर म्हणतात दोन्ही उत्तरं चूक. लॅब संध्याकाळी बंद होते, लवकर सांगा!

काचनळी: नमुना कसा दिसतो? सोडियम किती घेतलंत?

टीपकागद: पिवळे स्फटिक. सोडियम लहान वाटाण्याएवढं. नेहमीसारखंच केलं हो सगळं.

स्थिरांक: त्यापेक्षा केल्डाल करा, नायट्रोजन मोजायची पद्धत. मी रोज तेच करतो, थेट टक्केवारी हातात येते.

काचनळी: टक्केवारी विचारलीये कुणी? आणि पिवळे स्फटिक नायट्रो निघाले तर? नायट्रो, अ‍ॅझो, पिरिडीनच्या रिंगमधला नायट्रोजन साध्या केल्डालमध्ये पूर्ण सापडत नाही.

स्थिरांक: सॅलिसिलिक अ‍ॅसिड घालून आधी रिडक्शन केलं की नायट्रोही येतो. स्वतः केलंय.

थेंब: मिश्रण असेल तर आधी वेगळं करा. ईथरमध्ये विरघळवा, बायकार्बोनेटने धुवा, अ‍ॅसिड पाण्याच्या थरात उतरतं. फनेल हलवताना मधूनमधून नळ उघडा, कार्बन डायऑक्साइडचा दाब साठतो.

टीपकागद: मिश्रण नाहीये, एकच कंपाउंड आहे!!

जुना अर्क: सिल्व्हर नायट्रेटच्या आधी अर्क नायट्रिकबरोबर उकळला होता का?

टीपकागद: नाही, अ‍ॅसिडिक केला फक्त.

जुना अर्क: मग तो सिल्व्हर सायनाइड असणार. तोही पांढरा, तोही अमोनियात विरघळतो. म्हणजे नायट्रोजन आहेच. कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिकबरोबर उकळलं की सायनाइड एचसीएन (हायड्रोजन सायनाइड) होऊन निघून जातो. वायू विषारी आहे, फ्यूमहूडमध्येच (वायू ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. आता फेरस सल्फेटची बाटली बघा. स्फटिक फिकट हिरवे हवेत. तपकिरी पडले असतील तर फेरिक झालंय, मग निळ्या रंगासाठी लागणारं फेरोसायनाइड बनणार कुठून?

थेंब: बाइलस्टाइन टेस्टही करून बघा, तांब्याच्या तारेवर हिरवी ज्योत आली तर हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन वगैरे).

जुना अर्क: हिरवी ज्योत युरियाही देतो. तिच्यावर हॅलोजन लिहू नका.

टीपकागद: बाटलीत वरचा थर गंजासारखा झालाय! खालचे हिरवे खडे काढून ताजं सोल्यूशन केलं, अर्काबरोबर उकळलं, डायल्यूट सल्फ्युरिक घातलं. गाळल्यावर फिल्टर पेपरवर गडद निळा डाग आलाय.

काचनळी: आणि हॅलोजन?

टीपकागद: नायट्रिकने उकळून मग सिल्व्हर नायट्रेट घातलं. टेस्ट ट्यूब पाण्यासारखी स्वच्छ.