हिमसरोवरांचे सॅटेलाइट नकाशे: पैसा आधी इथे की सायरनला?

दादरचा_भटक्या:
ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि चुंगथांगचं तीस्ता-३ धरण वाहून गेलं, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. माझं स्पष्ट मत, पैसा आधी सॅटेलाइट मॅपिंगला द्या. इस्रोने २०२४ मध्ये सांगितलं की हिमालयातल्या १० हेक्टरपेक्षा मोठ्या २,४३१ हिमसरोवरांपैकी (हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याची सरोवरं) ६७६ सरोवरं १९८४ पासून चांगलीच वाढलीत. हिमाचलमधलं घेपांग घाट १९८९ ला ३६.४९ हेक्टर होतं ते २०२२ ला १०१.३० झालं. चार हजार मीटरवर टेप घेऊन कोण जाणार?

ठाणेकर_मीरा:
अजिबात पटलं नाही. ल्होनाक वाढतंय हे नकाशात कित्येक वर्षं दिसत होतं, २०१६ ला पाईप टाकून पाणी उपसायचा प्रयत्नही झाला. तरी रात्री लोंढा आला तेव्हा काठावरच्या माणसांच्या हातात किती वेळ होता? सायरन लावा, सेन्सर लावा, नदीपात्राला चिकटून होणारी बांधकामं थांबवा.

दादरचा_भटक्या:
सेन्सर लावायचे कुठे पण? सगळ्या ६७६ वर? ते नकाशाच सांगणार ना.

पवईचा_जीआयएसवाला:
मी याच कामात आहे म्हणून मध्ये पडतो. नुसतं क्षेत्रफळ मोजून भागत नाही हो. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या फोटोत काही दिसत नाही, म्हणून ढगांपलीकडचं बघणारं रडार लागतं, आणि डोंगराची सावलीसुद्धा पाण्यासारखी दिसते. ल्होनाक १७ सप्टेंबरला १६२.७ हेक्टर, २८ ला १६७.४, आणि ४ ऑक्टोबरला ६०.३! त्या पावणेपाच हेक्टरच्या वाढीवरून कोणाला कळणार होतं की हे फुटणार? कडेचा गोठलेला मोरेनचा (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा) उतार सरोवरात कोसळला, त्याची लाट उसळली. तो उतार त्याआधी वर्षाला कित्येक मीटर सरकत होता आणि सॅटेलाइटच्या डेटातून ते मोजता येतं. माझ्या मते दर महिन्याला पाण्याची कड आखण्यापेक्षा उतारांवर नजर ठेवणं जास्त गरजेचं आहे.

ठाणेकर_मीरा:
मोजा की, पण तो आकडा खालच्या गावापर्यंत कोण पोचवणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३, मुंबई एकच. म्हणून तर नंतर शहरभर पर्जन्यमापक बसवले. वरून बघणारा आणि पाण्याजवळ बसवलेला, दोन्ही हवेत, पण पैसा कमी असेल तर मी खालच्याला आधी देईन.

दादरचा_भटक्या:
मी नाही देणार. कुठला उतार सरकतोय हे माहीतच नसेल तर सायरन चुकीच्या खोऱ्यात लागेल.