फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' एम.ए.च्या वर्गात कशी शिकवावी? सल्ला हवा आहे

जाईजुई

नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. यंदा एम.ए. भाग २ चा अमेरिकन साहित्याचा पेपर माझ्याकडे आलाय आणि त्यात विल्यम फॉकनरची ही कादंबरी (१९२९) आहे. वर्गात बावीस मुलं, बहुतेक मराठी माध्यमातली. हाताशी बारा तास. मी स्वतः एम.ए.ला असताना ही कादंबरी नोट्सवर काढली होती. आता सुट्टीत पूर्ण वाचली आणि शेवटी रडू आलं. म्हणूनच मुलांना ती गाइडमधून शिकवायची नाहीये. पण पहिला, बोलता न येणाऱ्या मतिमंद बेंजीचा भाग वाचताना वर्ग तिथेच सुटेल अशी धास्ती वाटते. सुरुवात कुठून करू? आणि माझ्यासाठी पूरक काय वाचू किंवा ऐकू?

पाटीपेन्सिल

ताई, गाइड वाचू द्या, पण पुस्तकाची पहिली दोन पानं वर्गात झाल्यावर. मी ही कादंबरी सहा वर्षं शिकवली. पहिली दोन वर्षं 'संज्ञाप्रवाह' (मनात येईल त्या क्रमाने लिहिण्याची शैली) या शब्दाच्या व्याख्येपासून सुरुवात केली आणि मुलं तासाभरात गळाली. नंतर व्याख्या सोडली आणि थेट खिळ्यापाशी गेलो.

सुरुवात आठवा. बेंजी कुंपणातून बघतोय, पलीकडे माणसं काहीतरी मारतायत. 'गोल्फ' हा शब्द पानावर नाही, कारण तो बेंजीकडे नाही. मग कुणीतरी 'कॅडी' अशी हाक मारतं आणि बेंजी कण्हायला लागतो. खेळणाऱ्याने सामान वाहणाऱ्या पोऱ्याला बोलावलंय, बेंजीला ऐकू आलंय बहिणीचं नाव. हे मी सांगत नाही. पान मोठ्याने वाचतो, थांबतो आणि विचारतो, 'हा का रडला?' कुणाला तरी सापडतंच. ज्याला सापडतं तो पोरगा कादंबरी सोडत नाही.

पुढच्याच पानावर कुंपणातून जाताना बेंजीचे कपडे खिळ्याला अडकतात. त्याला सांभाळणारा लस्टर वैतागतो. आणि लगेच तिरप्या ठशात ते कपडे कॅडी सोडवते. खिळा जुनाच, पण वर्षं मागे गेली, थंडीचे दिवस आले. काळ कसा सरकतो ते एवढ्या एका खिळ्यावर समजतं.

मग एक किल्ली द्या: बेंजीला सांभाळायला कोण आहे ते बघा. व्हर्श असेल तर तो लहान आहे, टी.पी. असेल तर वाढत्या वयाचा, लस्टर असेल तर आजचा दिवस, ७ एप्रिल १९२८, बेंजीचा तेहतिसावा वाढदिवस. प्रत्येकासाठी वेगळी रंगीत पेन्सिल. फॉकनरलाही हा भाग वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापून हवा होता. त्या काळी ते जमलं नाही, २०१२ मध्ये लंडनच्या फोलिओ सोसायटीने चौदा रंगांत छापला.

आधी एक तास 'अ रोझ फॉर एमिली' ही कथा घ्या. छोटी आहे, आणि तिथेही घटना उलटसुलट येतात. मुलांकडून फळ्यावर क्रम लावून घ्या.

सातासमुद्रापार

ऐकण्यासाठी सांगतो. फॉकनर १९५७ आणि १९५८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात निवासी लेखक होता. तिथल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरं ध्वनिमुद्रित आहेत आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. ही कादंबरी कुठून सुचली तेही त्यात आहे: चिखलाने माखलेल्या चड्डीतली एक मुलगी खिडकीतून आत डोकावायला झाडावर चढलीये आणि खाली भाऊ उभे आहेत. घरात आजी वारलीये, मुलांना कुणी सांगितलेलं नाही. हा तुकडा वर्गात लावाच. दक्षिणी बोली, हळू आवाज, मुलांना कान द्यावा लागेल.

त्याच विद्यापीठाचा 'डिजिटल योक्नापटॉफा' हा प्रकल्पही बघा. योक्नापटॉफा म्हणजे त्याचा कल्पित परगणा. 'ॲब्सलम, ॲब्सलम!' (१९३६) मध्ये त्याने त्याचा नकाशा स्वतः काढला आणि खाली स्वतःला एकमेव मालक म्हणवून घेतलं. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला त्याचं रोवन ओक हे घर पाहिलं. अभ्यासिकेच्या भिंतीवर 'अ फेबल' या कादंबरीचा आराखडा त्याच्या हातचा, वारांप्रमाणे लिहिलेला. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा होतो.

एक सावधगिरी: काही आवृत्त्यांत १९४६ साली प्रसिद्ध झालेलं, कादंबरीतल्या कॉम्प्सन घराण्याचं परिशिष्ट सुरुवातीला असतं. ते मुलांना शेवटी वाचायला सांगा.

उंबरठा

वर सगळं छान आलंय, पण वंशाचा मुद्दा राहिला. काळ्या माणसांसाठीची शिवी या पुस्तकात पानोपानी आहे. मी ती वर्गात उच्चारत नाही आणि का उच्चारत नाही ते पहिल्याच तासाला सांगते. आपल्या वर्गातही जातीवरून शिवी ऐकलेली मुलं बसलेली असतात, त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, 'मॅडम, तिन्ही भावांना "मी" म्हणायला मिळतं, मग डिल्सीला का नाही?' डिल्सी ही त्या घरातली काळी मोलकरीण. चौथा भाग तिचा म्हणतात, पण तो तृतीयपुरुषी आहे. आणि कॅडीलाही स्वतःचा भाग नाही. या प्रश्नावर आमचे दोन तास गेले. फॉकनर डिल्सीच्या मनात शिरू धजला नाही की शिरला नाही, यावर एकमत झालं नाही आणि मी ते होऊ दिलं नाही.

चौथ्या भागातलं स्वयंपाकघरातलं घड्याळ दाखवा. एकच काटा उरलाय, पाच ठोके पडतात आणि डिल्सी म्हणते, आठ वाजले. दुसऱ्या भागात थोरला भाऊ क्वेंटिन घड्याळाचे काटे उपटून काळ थांबवू बघतो, आणि ही बाई मोडक्या घड्याळावरून बरोबर वेळ सांगते. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा.

क्वेंटिनचा भाग एकट्याने वाचून या असं मात्र सांगू नका. तो दिवस आत्महत्येवर संपतो. वसतिगृहात कोण कशातून जातंय आपल्याला माहीत नसतं. तो वर्गात, एकत्र वाचा.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठाताई, क्वेंटिनचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो भाग आता चार तास वर्गातच वाचेन, तिसऱ्या भावाचा, जेसनचा, घरी देईन. सर, पहिल्या पानांच्या बावीस झेरॉक्स आज काढल्या. पेन्सिली तीन रंगांच्या आणल्यात, व्हर्शला हिरवी. एकच विचारते: खिळ्याचं पान मी वाचू की एखाद्या विद्यार्थ्याला द्यावं?

पाटीपेन्सिल

पहिल्यांदा तुम्ही वाचा, हळू. दुसऱ्यांदा वर्गात सगळ्यात गप्प बसणाऱ्याला द्या.