मे महिन्याच्या लांब दुपारी, दोन मुले आणि मोजके पैसे: काय करता येईल?

प्रश्न (हडपसर, पुणे)

नमस्कार. मला दहा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी आहे. मी घरीच शिवणकाम करते, यजमान सकाळी आठला कामावर जातात ते रात्रीच परततात, आणि गावाकडचे घर आता राहिले नसल्यामुळे सुट्टी लागली की मुलांना आजोळी पाठवावे, अशीही सोय नाही. जवळच्या एका उन्हाळी शिबिराची चौकशी केली, तेव्हा दोघांचे पंधरा दिवसांचे शुल्क माझ्या महिनाभराच्या शिलाईपेक्षा जास्त निघाले. सकाळ-संध्याकाळ मुले खाली अंगणात खेळतात, त्याची चिंता नाही. अडचण दुपारी बारा ते पाचची आहे. बाहेर ऊन, आत मी मशीनवर, आणि घरातल्या एकुलत्या एका मोबाईलवरून दोघांची भांडणे. गेल्या वर्षी कामाच्या घाईत मी तो मुलांच्या हाती देऊन टाकत असे आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. शाळा जूनच्या मध्याला सुरू होईपर्यंत मी फार तर १५०० रुपये बाजूला काढू शकते. बसल्या जागेवरून मला लक्ष ठेवता येईल आणि वयात अंतर असूनही दोघांना एकत्र करता येईल, असे काही कृपया सुचवावे.

प्रतिसाद १ (सातारा, निवृत्त प्राथमिक शिक्षिका)

ताई, प्रथम गेल्या वर्षीचे मनातून काढून टाका. पोटापाण्याचे काम सांभाळत दोन मुले घरात ठेवणे किती अवघड असते, ते ज्यांनी केले आहे त्यांनाच कळते.

वयातले अंतर मिटवणारा खेळ म्हणून मी चल्लस-आठ सुचवीन. फरशीवर खडूने पाच गुणिले पाच असा पंचवीस घरांचा पट आखावा आणि चारही कडांच्या मधल्या घरांत व अगदी मध्यावरच्या घरात फुल्या माराव्यात. फुलीच्या घरातली सोंगटी मारली जात नाही. कवड्या नसल्या तर आमटीतल्या चिंचेचे दोन मोठे चिंचोके पुरतात: ते फोडून त्यांच्या चार डाळी करायच्या, म्हणजे प्रत्येकीची एक बाजू पांढरी आणि एक काळी मिळते. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितके दान. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळते. दान नशिबाचे असल्यामुळे सहा वर्षांची मुलगी दादाला खरोखर हरवू शकते, आणि कोणती सोंगटी हलवायची हे ठरवताना दादालाही डोके चालवावे लागते. माझ्या वर्गातल्या बेरजेला कच्च्या असलेल्या कितीतरी मुलांचा हिशोब या पटावर सुधारलेला मी पाहिला आहे.

पत्त्यांचा एक जोड घ्यावा. मुलीला सत्तेनंतर अठ्ठी आणि सत्तेआधी छक्की एवढे कळले की बदाम सात जमतो. मेंढीकोटाला मात्र चार माणसे लागतात, तो यजमानांच्या सुट्टीच्या दिवसासाठी राहू द्यावा.

वाचनावर फार खर्च करू नये. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मोबाईल द्यायचाच असेल तेव्हा त्यातली एक गोष्ट मुलाने बहिणीला मोठ्याने वाचून दाखवावी, अशी अट घालावी. तुम्हालाही काम करता करता ऐकता येईल.

प्रतिसाद २ (पुणे)

माझी सूचना जवळजवळ फुकटची आहे, पण ती पंधरा दिवस पुरते. आपल्याकडे मे महिन्यात एका दिवशी माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. पुण्यात हा दिवस १३-१४ मेच्या सुमारास येतो, कोल्हापुरात त्याच्या आठवडाभर आधी, तर नागपुरात २६ मेच्या सुमारास.

एका कुंडीत साधारण एक मीटर लांबीचा झाडूचा दांडा रोवावा आणि दोऱ्याला कुलूप बांधून केलेल्या ओळंब्याने तो सरळ उभा आहे ना, हे मुलांना तपासू द्यावे. मग रोज दुपारी साडेबाराला सावलीचे टोक खडूने नोंदवावे आणि मापून वहीत लिहावे. १ मे रोजी ती जेमतेम सहा सेंटिमीटर भरेल आणि त्यानंतर आक्रसत जाईल. बाराऐवजी साडेबारा का, हे मुलगा नक्की विचारील: भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे, पुणे त्याच्या पश्चिमेला चौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास आहे, आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात. हा हिशोब त्याचा त्यालाच करू द्या. उत्तर साधारण बारा चौतीस येईल. मेच्या मध्यात सूर्य तीन-चार मिनिटे पुढे असतो, म्हणून प्रत्यक्षात माध्यान्ह बारा एकतीसच्या आसपास होते. त्या दिवसानंतर माध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडू लागते, म्हणून १४ मेनंतरही वही बंद करू नये. उन्हात पाच मिनिटेच थांबायचे आहे, तरीही टोपी घालूनच पाठवावे आणि सूर्याकडे बघायचे नाही, असे बजावून ठेवावे.

दुसरे म्हणजे, पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. काडेपेटीतल्या काड्यांचा गूल काढून त्या सायकलच्या व्हॉल्वच्या रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडल्या, तर त्रिकोण दाबूनही आकार सोडत नाही आणि चौकोन लगेच कलंडतो. पुलाला आणि छपराच्या कैचीला त्रिकोण का लागतात, हे मुलाला हातानेच समजते. गूल काढण्याचे काम मोठ्यांनी करावे.

प्रतिसाद ३ (पुणे, दोन मुलांचा बाबा)

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. फक्त प्रत्येक तास भरण्याचे ओझे वहिनींनी घेऊ नये, असे वाटते. आमच्याकडे ‘कंटाळा आला’ हे वाक्य ऐकल्यावर आम्ही अर्धा तास काहीही सुचवत नाही, आणि बहुतेक वेळा त्या अर्ध्या तासातच खोक्याचे घर किंवा चादरीचा तंबू तयार होतो. तुमच्याकडे शिवणाच्या चिंध्या आहेत, ही तर मोठीच सोय आहे.

१५०० रुपयांतून दोन सहली होतील. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात सकाळी लवकर जावे; बुधवारी ते बंद असते. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मात्र सगळे बघण्याचा अट्टहास करू नये. नुसते दिवे आणि अडकित्ते बघावेत आणि आवडलेल्या तिघांची चित्रे मुलांनी तिथेच वहीत काढावीत. आमची मुले एका अडकित्त्यापुढे पाऊण तास बसली होती.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चिंचोके फोडून ठेवले आहेत आणि पट मशीनजवळच आखला आहे, म्हणजे कोणी दान फिरवले तर मला दिसेल. चिंध्यांची पिशवी मुलीच्या ताब्यात दिली आहे. एकच शंका राहिली: आमच्या गॅलरीत दुपारी ऊन येत नाही, तेव्हा कुंडी गच्चीवर ठेवून रोज तिथेच माप घेतले तरी चालेल ना?

प्रतिसाद २

गच्ची तर उत्तमच, फक्त मुलांबरोबर मोठे कोणीतरी असावे. कुंडीची जागा मात्र बदलू नये आणि पहिल्याच दिवशी तिच्याभोवती खडूने गोल आखून ठेवावा, कारण कोणी झाडताना ती सरकवली तर पुन्हा नेमकी तिथेच ठेवता येते.