प्रेम आणि कट वेगळे काढता येतात का?

'कादंबरीत रहस्य आलं की दोन स्त्रियांची प्रेमकथा तोंडी लावण्यापुरती उरते' हे मत मला पटत नाही. सारा वॉटर्सची 'फिंगरस्मिथ' (२००२) घ्या. व्हिक्टोरियन काळातलं इंग्लंड, एका वारसदार मुलीचा पैसा लाटायचा डाव, आणि त्यासाठी मोलकरीण बनून गेलेली, चोरांच्या घरात वाढलेली सू तिच्याच प्रेमात पडते. इथं 'कोण कोणाला फसवतंय' आणि 'हिचं माझ्यावर खरंच प्रेम आहे का' हा एकच प्रश्न आहे. पुढे निवेदक बदलते आणि तेच प्रसंग दुसरीच्या नजरेतून येतात. याहून जास्त सांगत नाही, मजा जाईल. (मलपृष्ठसुद्धा वाचू नका!) त्यावरून केलेला २०१६चा कोरियन सिनेमा नंतर बघा, आधी नको.

सरळ पोलिसी तपास हवा असेल तर कॅथरीन फॉरेस्टची केट डेलाफील्ड मालिका, पहिलं पुस्तक १९८४चं. लॉस एंजेलिस पोलिसांतली ही डिटेक्टिव्ह दुसऱ्यांची गुपितं उकरते आणि स्वतःचं, म्हणजे आपलं प्रेम स्त्रियांवर आहे हे, मात्र नोकरीत लपवून ठेवते. मला खुनापेक्षा त्यातच जास्त ताण जाणवला.

व्हॅल मॅकडर्मिडची पत्रकार लिंडसे गॉर्डनही (१९८७पासून) वाचनीय, पण तिथं प्रेम जरा घाईत उरकल्यासारखं वाटलं.